घोरपडदरीतलं मोहोळ

सूर्यभान तायडेच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अमरावतीपासून तिवस्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. एसटीत कंडक्टर म्हणून त्याची उभी हयात त्या रस्त्यावर गेली. कुणाच्या वावरात बोअरला पाणी लागलं, कुणाचा जावई रुसून बसला, कुणाच्या पोराने तलाठ्याच्या परीक्षेला दांडी मारली, असली प्रत्येक बातमी त्याच्याकडे एका थांब्यावर चढायची आणि पुढच्या थांब्यावर उतरायची. तिला तिकीट लागत नसे. माणूस मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाचं वाटोळं व्हावं म्हणून तो कधी बोलला नाही. ऐकलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे, एवढंच.

त्याच्या बायकोने, चंदाने, ह्यावर स्वतःपुरता इलाज शोधला होता. घरातली कुठलीही गोष्ट त्याला झाल्यावरच कळवायची. मुलाला पुण्यात नोकरी लागली, तो रुजू झाला, पहिला पगार हातात आला, आणि मग बापाला कळलं.

"तुमाले आदी सांगतलं असतं त आपल्या साऱ्या नांदगाव खंडेश्वरात पेढे वाटून झाले असते," चंदा म्हणाली. "आन पोरगा इकळे मुलाखतीच्या रांगेत उभाच."

सूर्यभान हसला, पण ते त्याला लागलं होतं. आपल्याच घरात आपल्याला पाहुण्यासारखं बातम्या कळाव्यात, हे कुणाला आवडेल?

निवृत्त झाल्यावर बसभर माणसं एका दिवसात गेली आणि त्याची पंचाईत झाली. मग तो डोंगरावर फिरायला जाऊ लागला. शहराच्या पूर्वेला पोहऱ्याकडे जे सागाचं जंगल चढत जातं, तिथे पहाटे उजाडलं की अर्धी अमरावती चालायला येते. गुडघे धरून चालणारे, हात वर करून मोठ्याने हसणारे, आणि अलीकडे हेल्मेट घालून डोंगराच्या उतारावरून जाड टायरच्या सायकली पळवणारे. सूर्यभानला नवी बस मिळाली. त्याच्याबरोबर रोज असायचा जानराव मोहोड, मूळचा वलगावचा, एसटीच्या वर्कशॉपमधला जुना मेकॅनिक. हा इंजिनाशी बोलायचा, माणसांशी नाही. दोघांची मैत्री इतकी वर्षं कशी टिकली ह्याचं लोकांना नवल वाटे, पण त्यात नवल काही नव्हतं. एकाला ऐकणारं कुणी लागायचं, आणि दुसऱ्याला आपल्यावर बोलायची पाळी येऊ नये असं वाटायचं.

त्या जंगलात बिबट आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. ते माणसाला टाळतात, माणसं त्यांना विसरतात, असं चाललेलं असतं. पण चालणारे वाढले, सायकली वाढल्या, तेव्हा वनखात्याने ठरवलं की बिबट कुठल्या वाटा वापरतात ते नीट पाहावं. वाटांच्या कडेला झाडांना कॅमेरे बांधायचे. समोरून कुणीही ऊबदार अंगाचं गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. ह्या कामाला स्वयंसेवक हवेत म्हणून वनरक्षक नीलम गवई चालणाऱ्यांच्या घोळक्यापुढे उभी राहिली, आणि तिचं वाक्य पुरं होण्याआधी सूर्यभानचा हात वर गेला.

"काका, ह्यात बोलायचं काम नाही," नीलमने हसत बजावलं. तिलाही कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं.

काम मोठं मजेचं होतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा, सेल बदलायचे, कार्ड काढायचं, नवं घालायचं, आणि शेवटी कॅमेरा नीट टिपतो की नाही ते पाहायला कुणीतरी बिबट व्हायचं. म्हणजे वाटेवरून हातापायांवर रांगत जायचं. ते काम सूर्यभानने आपणहून घेतलं. निवृत्त कंडक्टर, कानाला मफलर, सागाच्या वाळक्या पानांतून चारी पायांवर चाललाय, आणि नीलम झाडामागून म्हणतेय, "थोडं हळू, काका. बिबट गुरगुरत नाही चालताना." कारण रांगतानाही तो काहीतरी बोलतच असायचा.

कार्डात बिबटापेक्षा माणसंच जास्त निघत. जानराव कुणी पाहत नाही असं समजून कंबर धरून उभा. सायकलवाल्यांचा पुढारी प्रीतम, दातांचा डॉक्टर, उतारावर उताणा पडलेला आणि सायकल त्याच्या छातीवर. सूर्यभानच्या जिभेला पाणी सुटायचं. पण माणसांचे फोटो पुसायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा नियम होता. आश्चर्य म्हणजे त्याने तो बऱ्यापैकी पाळला. प्रीतमचं उताणं पडणं तेवढं बाहेर गेलं.

आणि मग फाल्गुनात, पळस पेटलेला असताना, घोरपडदरीच्या कॅमेऱ्यात ती आली.

घोरपडदरी म्हणजे डोंगराच्या खांद्यावरून खाली उतरणारी एक अरुंद घळ. तिच्या एका कडेने सायकलवाल्यांचा सगळ्यात लाडका उतार जायचा, आणि चालणाऱ्यांची वाट त्यालाच खाली मिळायची. फोटोत बिबट मादी होती आणि तिच्या तोंडात मानेला धरलेलं पिल्लू. पुढच्या फोटोत ती रिकाम्या तोंडाने परत चाललेली. त्याच्या पुढच्यात दुसरं पिल्लू. नीलमने मोबाईलच्या पडद्यावर फोटो मोठा केला आणि ती आणि सूर्यभान वाकून पाहत राहिले. मादीने पिल्लं दरीतल्या मोठ्या खडकाच्या कपारीत आणून ठेवली होती. तिथून सायकलचा उतार हाकेच्या अंतरावर होता.

  एवढी मोठी गोष्ट आयुष्यात सूर्यभानच्या हातात आधी आलीच नव्हती.

"काका," नीलम म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती. "हे कुणाला कळता कामा नये. कुणाला म्हणजे कुणाला. माझ्या पहिल्या पोस्टिंगला कपाशीच्या वावरात पिल्लं सापडली होती. तासाभरात गाव लोटलं. मोबाईल काय, लेकरं खांद्यावर काय! आई कडेला तुरीत दबून बसली होती, आणि लोक तिच्या अंगावर जायच्या बेतात. एका माणसाचा हात फाडला तिने. मग पिंजरा आला. आई पिंजऱ्यात गेली आणि पिल्लं वाचली नाहीत. तिला थोडे दिवस हवेत, काका. पिल्लं पायावर चालायला लागली की ती स्वतःच हलवते त्यांना."

"मंग हा रस्ता बंद करा ना."

"पाटी लावते. पण पाटी वाचून कुणी थांबलंय का कधी? कारण विचारतील."

पाटी लागली: 'हा मार्ग काही काळ बंद आहे.' दुसऱ्याच दिवशी प्रीतम आणि मंडळी पाटीला सायकली टेकवून फोटो काढत होती आणि उताराकडे निघायच्या बेतात होती. सूर्यभान तिथे होता. त्याच्या पोटात गोष्ट उड्या मारत होती. तोंड उघडलं तर तीच बाहेर पडेल, आणि तोंड न उघडणं तर त्याला जमत नव्हतं. म्हणून त्याने दुसरी सोडून दिली.

"अरे, आग्यामव्हळ बसलं हाये तिथं!" तो ओरडला. "खडकाले. सुपायेवढं!"

सायकली जागच्या जागी थांबल्या. आग्यामोहोळाचं नाव काढलं की वऱ्हाडातला शहाणा माणूस दोन पावलं मागे सरतो. लग्नाची वरात नवरदेवाला घोड्यावर एकटा टाकून पळाल्याच्या कथा इथे गावोगाव आहेत. युक्ती बिनतोड होती. नीलमला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला, पण रस्ता ओस पडला हे तिलाही दिसत होतं.

सूर्यभानने तिथेच थांबायला हवं होतं. पण खरी गोष्ट सांगता येत नाही म्हटल्यावर तिचा सगळा जोर खोट्या गोष्टीत शिरला. सुपाएवढं मोहोळ चार दिवसांत बैलगाडीच्या चाकाएवढं झालं. माशांनी एका कुत्र्याला छत्री तलावापर्यंत पिटाळलं. मग त्यात नांदगावचा एक मामा आला. तो मोहोळाच्या भीतीने अंगावर घोंगडं घेऊन विहिरीत उतरला होता आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होता. मामा साफ खोटा होता, पण सूर्यभानने त्याचं नावगाव, घोंगड्याचा रंगसुद्धा सांगितला. लोक चहाच्या टपरीवर हसून हसून वाकत. हसत नव्हता तो फक्त जानराव. तो बशीतला चहा फुंकत सूर्यभानकडे पाहत राहायचा.

घरी सूर्यभानला चैन पडेना. ताटावरून अर्ध्यात उठायचा. गच्चीवर जायचा, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बंद करायचा, खाली यायचा. चंदाने विचारलं, "पोटात काई होते का?" तो म्हणाला, "व्हय." तिने ओवा आणि काळं मीठ दिलं. ते त्याने मुकाट खाल्लं, आणि तिला तेवढ्यावरूनच काहीतरी बिनसल्याचा संशय आला.

त्याला पिल्लांची काळजी होती हे खरंच. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तो पाटीपाशी उभा राहायचा, वाटेवरच्या धुळीत सायकलच्या टायरची खूण दिसते का ते वाकून पाहायचा. पण त्या काळजीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि तीच त्याला खरी बसू देत नव्हती. 'तिला थोडे दिवस हवेत' हे नीलमचं वाक्य त्याने पूर्वी एकदा ऐकलं होतं. तेव्हा ते जानराव म्हणाला होता.

जानरावला एकच मुलगी, हर्षा. लग्नानंतर वर्षभरात ती नवऱ्याशी भांडून बडनेऱ्याच्या आपल्या वेगळ्या बिऱ्हाडातून माहेरी आली होती. नवऱ्याशी तिचं फोनवर बोलणं चालू होतं. दोन्हीकडच्या माणसांनी मध्ये तोंड घातलं नाही तर आपलं आपण मिटवू, असं तिला वाटत होतं. थोडे दिवस कुणाला कळू नये, एवढंच तिने बापाकडे मागितलं. जानरावला ते एकट्याला पेलवेना. डेपोच्या बाकावर बसून त्याने ते सूर्यभानला सांगितलं, रडत रडत. दुसऱ्या दिवशी बसमध्ये हर्षाच्या सासरच्या नात्यातली एक बाई भेटली आणि तिने सहज विचारलं, "मोहोडाची पोरगी कशी हाये?" सूर्यभान तिकीट फाडत होता. तिकीट आणि उत्तर त्याने एकदमच दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरचे लोक जीप भरून आले. पोरगी माहेरी पळून आली आणि आम्हाला बाहेरच्यांकडून कळतं, म्हणून त्यांनी भर गल्लीत तमाशा केला. फोनवर बोलणारा नवरा त्या घोळक्यात मान खाली घालून उभा होता. तो पुन्हा कधी फोनवर बोलला नाही. हर्षा माहेरीच राहिली, शिवणकाम शिकली. आता तिच्या हाताखाली दोन बाया होत्या आणि तिच्या ब्लाउजला गाडगेनगरातून गिऱ्हाईक यायचं.

जानराव त्याबद्दल एक शब्द कधी बोलला नाही. त्याला माहीत आहे की नाही, हेच सूर्यभानला माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. बसमधलं बोलणं काय, कुठूनही जातं, असं तो स्वतःला समजावायचा. जानरावच्या घरी गेला की तो आल्या आल्या बोलायला लागायचा आणि निघेपर्यंत थांबायचा नाही, म्हणजे मध्ये कुठे तो विषय शिरायला जागाच नको.

असे दिवस चालले असताना एका संध्याकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रीतमचा निरोप आला. रविवारी त्यांची सायकल रॅली होती आणि घोरपडदरीचा उतार त्यांना हवा होता. त्याने धारणीकडचा एक मोहोळ झाडणारा माणूस गाठला होता. उद्या सकाळी, गारव्यात माशा सुस्त असताना, धुराचा डबा घेऊन सगळ्यांनी जायचं. 'तायडे काकांनी एवढे दिवस आपल्याला सावध केलं, आता त्यांना जागा दाखवायचा मान.' खाली सगळ्यांचे अंगठे.

 सूर्यभानने लगेच नीलमला फोन लावला. ती प्रशिक्षणाला अकोल्यात होती.

"काका, तुम्ही ते मोहोळ एवढं मोठं कशाला केलं हो!" ती रडकुंडीला आली. "मी साहेबांना कळवते, पण माणूस पोचायला दहा-अकरा वाजतील. तोवर दरीत कुणाला उतरू देऊ नका. आणि सांगू नका. वीस-पंचवीस माणसांना कळलं तर दुपारपर्यंत गाव लोटेल."

सकाळी उजाडताना तो पाटीपाशी पोचला तर वरात आधीच जमली होती. कुणी हेल्मेटवरून मच्छरदाणी ओढलेली, कुणी रेनकोट घातलेला, एकाने तर हातात बायकोचे स्वयंपाकघरातले मोजे चढवलेले. मोहोळ झाडणारा माणूस तेवढा साध्या बंडीवर, डब्यात कडुनिंबाचा पाला कोंबत होता. जानराव कडेला उभा होता.

"या काका! चला पुढं," प्रीतम म्हणाला.

"जंगलात जाळ करता येत नाई," सूर्यभान म्हणाला.

"जाळ नाही काका, डब्यातला धूर. पाणी सोबत आहे."

सूर्यभान पाटीपुढे सरकला. "मव्हळ उठलं. काल गेलं उडून."

"अरे वा! मंग त प्रश्नच मिटला," प्रीतमने मच्छरदाणी डोक्यावरून काढली आणि सायकलीला हात घातला. "रस्ता खुला!"

"नाई, नाई! हाये! अर्धं हाये!"

हशा पिकला. मोहोळ झाडणाऱ्याने डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "अर्धं मव्हळ कसं राह्यते, भाऊ?" दोघं-तिघं पाटीला वळसा घालून पुढे निघालेही. सूर्यभान धावला आणि उताराच्या तोंडाशी आडवा झाला.

"मव्हळ नवतंच कधी," तो म्हणाला. "मी लबाड बोललो."

आता कुणी हसलं नाही.

"आणि तो विहिरीतला मामा?" मागून एकाने विचारलं.

"थो बी."

"मंग काय आहे तिथं?" प्रीतमचा आवाज चढला होता. "काका, आम्ही रॅली पुढं ढकलणार होतो तुमच्यामुळं. काय आहे काय तिथं?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. सगळे, एकाच वेळी, जीव कानात आणून. एवढे ऐकणारे त्याला बसमध्येही कधी लाभले नव्हते. आणि सांगायला होतं ते केवढं! पिल्लांचे डोळे, आईने त्यांना आणलं ती तऱ्हा, पहिल्याला ठेवून ती दुसऱ्याला न्यायला कशी परत गेली. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं उघडी पडली असती, त्याचा खोटेपणा धुऊन निघाला असता, वर शाबासकी मिळाली असती. ते वाक्य त्याच्या दातांपाशी आलं होतं. त्याने दात आवळले आणि वाटेच्या मधोमध, धुळीत, मांडी घालून बसला.

"बोला ना," प्रीतम म्हणाला.

 कुणीतरी म्हणालं, सटकलं म्हातारं. कुणीतरी म्हणालं, आयुष्यभर थापाच मारल्या. कुणीतरी मोबाईल वर धरून त्याचा व्हिडिओ काढायला लागलं. सूर्यभानच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ उघडले नाहीत. एवढ्यात खालून, दरीतून, वानराचा खाकरल्यासारखा आवाज आला. पुन्हा आला. वानर झाडावरून खाली बिबट पाहतं तेव्हा असं ओरडतं, आणि सूर्यभानला ते ठाऊक होतं. त्याने मान वळवून दरीकडे पाहिलं, आणि वळून पुन्हा समोर पाहिलं तेव्हा जानराव त्याच्याचकडे पाहत होता.

जानराव पुढे आला. "चला वापस," तो म्हणाला.

"पण मोहोड काका..."

"ह्या मानसाले थो जवान होता तवापासून मी वयखतो. थो झोपीतबी गप्प बसत नाई. आज बसला हाये." त्याने प्रीतमच्या सायकलीचं हॅन्डल धरून ती उलटी फिरवली. "त्याच्यापल्याड जायाचं नाई. चला."

जानराव एवढं बोलला ह्याचाच लोकांना इतका धक्का बसला की ते वळले. प्रीतम जाता जाता दोनदा मागे पाहून गेला. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं: वनखात्याची माणसं दहाच्या सुमारास आली आणि वाटेवर बसली, रॅली दुसऱ्या डोंगरावरून गेली, आणि नंतर एका पहाटे मादी दोन्ही पिल्लांना मागे चालवत कॅमेऱ्यासमोरून निघून गेली. नीलमने तो फोटो सूर्यभानला सगळ्यात आधी दाखवला.

पण त्या सकाळी हे काही झालेलं नव्हतं. वनखात्याची माणसं येईपर्यंत दोघं म्हातारे उताराच्या तोंडाशी बसून राहिले आणि मग खाली उतरायला लागले.  सूर्यभानला हलकं वाटत होतं. जमलं, असं त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं. आयुष्यात एकदा तरी जमलं.

"बिबट हाये ना तिथं?" जानरावने विचारलं.

सूर्यभान वाटेवरचे दगड चुकवत उतरत राहिला.

"पिल्लं असन."

सूर्यभान तरीही बोलला नाही. जानराव चालत राहिला. वाट सपाटीला लागली.

"मंजे थांबते तुही जीभ," तो मग म्हणाला. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मले इतके वर्स वाटे का थे तुह्या हातात नाई. एखांद्याचा हात थरथरते, तसं तुहं तोंड चालते. हात थरथरनाऱ्यावर कोनी राग धरते का? म्हून मी कधी काई बोललो नाई तुले. आज पाह्यलं. लोकं तुले लबाड म्हनून राह्यले होते, त बी थांबली. एका जनावरासाठी थांबली."

सूर्यभान जागीच उभा राहिला.

"मंग माह्या पोरीसाठी काहून नाई थांबली, सूर्यभान? तिलेबी थोडेच दिवस पाह्यजे होते."

 बसमध्ये गर्दी होती, बाईने सहज विचारलं, तोंडातून निघून गेलं, ही सगळी उत्तरं सकाळपर्यंत खरी होती. आता त्यातलं एकही राहिलं नव्हतं. त्याला आपली लाज वाटली, अशी की डोंगरावर लबाड म्हणवून घेताना वाटलेली लाज तिच्यापुढे काहीच नव्हती.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला.

"मले नोको सांगू. घरीच हाये थे."

हर्षा ओसरीत मशीनवर बसली होती. बाया जेवायला घरी गेल्या होत्या. तिने वर पाहिलं. "काका, आज ह्या वेळी? चहा ठेवू?" आणि तो नेहमीसारखा सुरू होईल म्हणून ती पुन्हा शिवणाकडे वळली. सूर्यभान दारातच थांबला. जानराव आत निघून गेला.

"हर्षा, थे बडनेऱ्याची बाई," सूर्यभान म्हणाला. "तुह्या सासरची. तू आली होती तवा, बसमधी तिले मीच सांगतलं होतं."

मशीन थांबलं.

"मालूम हाये, काका," हर्षा म्हणाली. "त्याच दिवशी कळलं होतं मले. थे बाईच सांगून गेली, तुमचं नाव घेऊन."

"मंग तू कधी बोलली काहून नाई?"

"तुमी साऱ्या दुनियेचं सांगता. म्हनलं, कधीतरी हेबी सांगान." तिने दोरा दाताने तोडला. "रोज तुमी दारातून आत आले का मले वाटे, आज सांगान. मंग तुमी लोकाइच्या गोष्टी सुरू करत."

तिने सुईत पुन्हा दोरा ओवला, कापड सुईखाली सरकवलं आणि मशीन चालू केलं. बस म्हणून ती म्हणाली नाही, आणि जा म्हणूनही म्हणाली नाही. सूर्यभान दारात उभा होता.